माध्यमिक शाळेतील पत्रकारिता : विषयप्रवेश

विषय आणि त्याची व्याप्ती

सार्वजनिक महत्त्वाची माहिती मिळवणे, ती खरी आहे का हे पारखणे आणि वाचकाला नीट समजेल अशा रीतीने वेळेत पोहोचवणे, ही पत्रकारितेची तीन कामे. शाळेत यांपैकी तिसऱ्यावर, म्हणजे लेखनावर, सगळ्यात जास्त भर असतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘कुमारभारती’त उपयोजित लेखनाच्या विभागात जाहिरात आणि सारांश यांच्या जोडीला बातमीलेखन आहे. अकरावीच्या ‘युवकभारती’त मुद्रितशोधन आणि अनुदिनीलेखन येते, बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. त्याआधी परिपाठात ठळक बातम्या वाचून दाखवण्याची रीत बहुतेक मराठी शाळांत असतेच. म्हणजे स्वतंत्र विषय नसला तरी पत्रकारितेचे तुकडे विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवीपासून येत राहतात.

परीक्षेतल्या बातमीची एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते. तिथे विषय दिलेला असतो : वृक्षारोपण, क्रीडामहोत्सव, विज्ञान प्रदर्शन. प्रमुख पाहुणे कोण, किती झाडे लावली, अध्यक्ष काय म्हणाले, हे सारे विद्यार्थी मनाने भरतो आणि साचा बरोबर जमला की गुण मिळतात. साचा हाताखालून जावा म्हणून हे ठीक आहे. प्रत्यक्ष पत्रकारितेत मात्र मनाने काहीच भरता येत नाही. झाडे मोजावी लागतात, पाहुण्याच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्यावा लागतो, भाषण ऐकताना टिपावे लागते. म्हणून वर्गात शिकवण्याचा क्रम माहिती मिळवणे, पडताळणे आणि मग लिहिणे असा हवा. पुढचे विवेचन त्याच क्रमाने जाते. उदाहरणे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आहेत, कारण या विषयाला लागणारे जवळजवळ सगळे साहित्य या दोन जिल्ह्यांत सापडते.

परिसराचा वारसा

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. तो दिवस राज्यात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या काही दशकांत छापखाने जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि एकोणिसाव्या शतकातच साताऱ्याहून ‘शुभसूचक’ निघू लागले. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीचा बराचसा भाग पोटात घेऊन होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा वृत्तपत्रीय इतिहास एकत्रच वाचावा लागतो.

या इतिहासातले पहिले ठळक नाव गोपाळ गणेश आगरकरांचे. कराडजवळच्या टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे संपादकपद आगरकरांकडे होते. टिळक ‘मराठा’ हे इंग्रजी पत्र पाहत. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर मतभेद वाढले, तेव्हा आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला.

दुसरे नाव साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेच्या नोंदवहीत आहे. आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचा प्रवेश झाला. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. याच विद्यार्थ्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि १९३० मध्ये ‘जनता’ ही पत्रे सुरू केली. ज्यांचे प्रश्न प्रस्थापित पत्रांत येत नाहीत त्यांनी स्वतःचे पत्र काढावे, हा धडा ‘मूकनायक’मधून मिळतो. वर्गातल्या अंकात कोणाच्या बातम्या येतात आणि कोणाच्या राहून जातात, हे तपासताना तो उपयोगी पडतो.

तिसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. औंध संस्थानात वसलेल्या आणि आता सांगलीच्या पलूस तालुक्यात मोडणाऱ्या या कारखान्याच्या गावातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. नांगर, चरक, पंप घेणाऱ्या गिऱ्हाइकांशी आणि कामगारांशी संपर्क राहावा एवढाच सुरुवातीचा हेतू होता. संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. त्यांनी पानाच्या मांडणीकडे आणि व्यंगचित्रांकडे लक्ष दिले. पाहता पाहता कारखान्याचे ते पत्रक ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. शाळेच्या अंकासाठी हा नमुना फार जवळचा आहे. वाचक थोडे आणि ओळखीचे असले, तरी त्यांना काय हवे हे संपादकाला ठाऊक असेल तर अंक वाढतो.

आजचे चित्र अर्थातच बदलले आहे. साताऱ्याचे ‘ऐक्य’ आणि सांगलीचे ‘जनप्रवास’ ही स्थानिक दैनिके, मोठ्या दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या, १९६३ पासूनचे आकाशवाणीचे सांगली केंद्र, शिवाय भ्रमणध्वनीवरची असंख्य वृत्तवाहिन्यांची खाती, असा पसारा आहे. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ आणि जत तालुक्यातील जालिहाळची ‘येरळावाणी’ ही समुदाय नभोवाणी केंद्रे दुष्काळी भागात, तिथल्याच माणसांच्या आवाजात चालतात. लिहिण्यापेक्षा बोलण्यात सहज असणाऱ्या विद्यार्थ्यांना पत्रकारिता शिकवायची तर ही केंद्रे वर्गात ऐकवण्याजोगी आहेत.

बातमी ओळखणे

घडलेली प्रत्येक गोष्ट बातमी नसते. नावीन्य, जवळीक, परिणाम, व्यक्तीचे महत्त्व, संघर्ष आणि माणसाच्या मनाला भिडणारा अंश, असे निकष पाठ्यपुस्तकांत सांगितले जातात. ते पाठ करण्यापेक्षा एकाच घटनेवर लावून पाहिले की लवकर उमगतात.

टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन सुरू झाले, ही घटना घ्यावी. आगरकरांच्या गावाजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ अशा कमी पावसाच्या भागांत नेले जाते. मुंबईच्या वाचकाला ही बातमी चार ओळींची. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला तीच पहिल्या पानाची, कारण बागेला पाणी कधी मिळणार हे त्यावर ठरते. वीजबिलाच्या थकबाकीने पंप बंद राहिले असतील, तर संघर्षाचा निकष लागू होतो. आवर्तनाचे पाणी एखाद्या गावच्या तलावात पहिल्यांदाच पडले असेल, तर नावीन्याचा. बातमीचे मोल वाचक कुठे उभा आहे यावर अवलंबून असते, हे या एका उदाहरणातून विद्यार्थ्याला सांगता येते.

शाळेच्या पातळीवर बातम्यांची ठिकाणे ठरलेली आहेत : शाळेचे कार्यालय, एसटी स्थानक, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, दूध संकलन केंद्र, बाजार, तलाठी कार्यालय, वाचनालय. व्यावसायिक वृत्तपत्रात अशा ठरलेल्या क्षेत्राला ‘बीट’ म्हणतात. विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रत्येकाला एक बीट दिले, की ‘बातमी मिळत नाही’ ही तक्रार पहिल्या आठवड्यातच संपते. ज्या एसटीने मुले शाळेत येतात तिच्या फेऱ्या कमी झाल्या, तर त्यांच्याइतकी जवळची बातमी दुसऱ्या कोणत्याच बातमीदाराकडे नसते.

माहितीचे स्रोत

बातमीदाराकडे माहिती तीन वाटांनी येते. पहिली वाट प्रत्यक्ष पाहण्याची. पाहणे हे कौशल्य आहे आणि ते सरावाने येते. बाजार समितीत हळदीचे सौदे चालू असताना पोत्यांच्या थप्पी किती, बोली कोण पुकारतो, शेतकरी कुठे उभा असतो, दर क्विंटलचा की पोत्याचा, हे टिपायला लावावे. ‘बाजारात प्रचंड गर्दी होती’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने काहीच पाहिलेले नसते.

दुसरी वाट माणसांना विचारण्याची. मुलाखतीची तयारी आधी करावी लागते. ज्याला भेटायचे त्याचे काम, पद आणि त्याबद्दल आधी छापून आलेला मजकूर माहीत हवा. ‘हो’ किंवा ‘नाही’त संपणारे प्रश्न टाळावेत, ‘तेव्हा काय झाले?’, ‘तुम्ही कुठे होता?’, ‘हे तुम्हाला कसे कळले?’ हे प्रश्न जास्त देऊन जातात. गावात मुलाखत घेणारा विद्यार्थी समोरच्याला आजी, काका, बापू अशीच हाक मारणार आणि तसेच हवे. प्रश्न मात्र नात्यापोटी गाळायचा नाही.

या परिसरात ज्येष्ठांच्या मुलाखतींना वेगळे महत्त्व आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारच्या, तसेच ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने कामगारांच्या पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली त्या घटनेच्या, आठवणी कुंडल आणि आसपासच्या गावांत घराघरांत सांगितल्या गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या मोहिमेतले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांची मुलाखत नोंदवली आहे. त्या घटनेला लूट म्हणायला कॅप्टन भाऊंनी हरकत घेतली; लोकांचाच पैसा परत आणला, अशी त्यांची भूमिका होती. अशा वेळी घटना आणि तिच्याबद्दलचे सहभागी माणसाचे मत ही दोन्ही वेगवेगळी आणि कोणाचे काय आहे ते सांगून लिहायची असतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीत तारखा आणि नावे सरकलेली असू शकतात. त्यांची खातरजमा गॅझेटियर, जुने अंक, शाळा-संस्थांची स्मरणिका यांत करावी लागते.

तिसरी वाट कागदपत्रांची. ग्रामपंचायतीचा सूचनाफलक, ग्रामसभेचे इतिवृत्त, जनगणनेची पुस्तिका, जलसंपदा विभागाची रोजची धरणपातळी, बाजार समितीचा दरफलक, हे सारे कागद विद्यार्थ्याला पाहता येतात. माहिती अधिकार कायदा २००५ पासून लागू आहे. साध्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवस. शिक्षकाने स्वतःच्या नावाने केलेला एखादा अर्ज आणि त्याला आलेले उत्तर वर्गात वाचून दाखवले, तरी कागद बोलता कसा होतो ते मुलांना दिसते. पार्श्वभूमीसाठी वाईला सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आहेच. त्याच्या नोंदी आता संकेतस्थळावरही वाचता येतात.

पडताळणी

पडताळणी हा या विषयाचा कणा. ती का हवी, याचे मराठी पत्रकारितेतले सर्वांत बोलके उदाहरण आगरकर-टिळकांचेच आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, असा संशय १८८१ च्या सुमारास सर्वत्र होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यावर लिहिले. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रे त्यांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे बर्व्यांवर आरोप छापले गेले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला ते सुटले, आणि त्या काळावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक लिहिले.

या प्रकरणाचा शेवट वर्गात आवर्जून सांगण्यासारखा आहे. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीसाठी नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा मृत्यू झाला. म्हणजे काळजी अनाठायी नव्हती. तरीही हाती आलेला कागद खोटा होता आणि त्यामुळे खरा प्रश्न बाजूला पडून संपादक तुरुंगात गेले. हेतू चांगला असला म्हणजे पुरावा आपोआप खरा होत नाही, ही गोष्ट दहावीच्या विद्यार्थ्यालाही या कथेतून नीट कळते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. ते देवदर्शनाला निघालेले यात्रेकरू होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून फिरत होत्या. असा संदेश हाती आला की चार प्रश्न विचारायचे. मूळ कोणाचा? कधीचा? दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून दुजोरा मिळतो का? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घेतले का? चारही उत्तरे हाती येईपर्यंत संदेश पुढे पाठवायचा नाही. पुढे कधीच बातमी न लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही सवय आयुष्यभर पुरते.

पडताळणीचा रोजचा नियम साधा आहे. नाव, पद, तारीख, वार, आकडा आणि ठिकाण या सहा गोष्टी प्रत्येक बातमीत पुन्हा तपासायच्या. तारीख आणि वार जुळतात का, बेरीज बरोबर आहे का, गाव कोणत्या तालुक्यात येते, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. स्थानिक बातम्यांतल्या बऱ्याच चुका याच सहा जागी असतात.

लेखन

बातमीत सहा ककारांची उत्तरे असावीत : कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे पहिल्या परिच्छेदात येते. मराठी वृत्तपत्रांच्या कचेरीत त्याला ‘इंट्रो’ म्हणतात. मग तपशील, शेवटी पार्श्वभूमी. उतरत्या महत्त्वाच्या या रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात. जागा कमी पडली तर उपसंपादक शेवटून कापतो आणि बातमी तरीही उभी राहते, हे तिचे व्यावहारिक कारण.

कृष्णेच्या पुराची बातमी घेऊन हे पाहता येईल. विद्यार्थ्याचा पहिला खर्डा साधारण असा असतो : ‘गेल्या काही दिवसांपासून वरुणराजाने सर्वत्र हजेरी लावली असून कृष्णामाईने रौद्र रूप धारण केले आहे. त्यामुळे नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण पसरले आहे.’ यात पाऊस किती, पाणी कुठवर, घाबरले कोण, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. तोच मजकूर, समजा, असा लिहिला : ‘सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी आज सकाळी आठ वाजता ३८ फुटांवर पोहोचली. इशारा पातळी ४० फूट आहे. सूर्यवंशी प्लॉटमधील रहिवाशांनी सकाळपासून साहित्य हलवायला सुरुवात केली.’ तीन वाक्यांत ठिकाण, वेळ, आकडा, त्या आकड्याचा अर्थ आणि माणसांवरचा परिणाम आला. पुढच्या परिच्छेदात कोणता रस्ता बंद आहे, निवारा कुठे आहे, कोयनेतून विसर्ग किती आहे आणि ही माहिती कोणत्या अधिकाऱ्याने दिली, हे यावे. ‘वरुणराजा’ निबंधात शोभेल. पाणी दाराशी आलेल्या वाचकाला फूट आणि तास हवे असतात.

मथळा लिहिणे शेवटचे काम. त्यात क्रिया हवी, शब्द मोजके हवेत आणि बातमीत नसलेले काही नको. ‘कृष्णा ३८ फुटांवर, सूर्यवंशी प्लॉटमध्ये स्थलांतर सुरू’ हा मथळा वरच्या बातमीला पुरतो. ‘सांगलीवर महासंकट’ असा मथळा दिला तर बातमी त्याला पुरी पडत नाही. शिवाय उद्या पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडेल, तेव्हा वापरायला शब्द उरत नाही.

आकडे

माध्यमिक वर्गात गणित आणि पत्रकारिता एकत्र शिकवता येतात, याचेही उदाहरण पाणीच देते. धरणाचा साठा टीएमसीत सांगतात, विसर्ग क्युसेकमध्ये, नदीची पातळी फुटांत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालल्यावर एक टीएमसी पाणी जाते. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. एवढे ठाऊक असलेला विद्यार्थी ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक टीएमसी पाणी सोडले’ असले वाक्य लिहीत नाही आणि वाचले तर पकडतो.

आकड्यांना तुलनेची जोड लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हा आकडा एकटा दिला तर शहराबाहेरच्या वाचकाला काहीच बोध होत नाही. ४५ फुटांच्या धोका पातळीशेजारी ठेवला की बारा फुटांचा फरक डोळ्यांसमोर येतो. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटली. पहिल्या दिवशी मृतांचे वेगवेगळे आकडे छापून आले आणि पुढच्या दिवसांत संख्या वाढत गेली. दुर्घटनेच्या पहिल्या काही तासांत आकडा पक्का नसतोच. म्हणून तो कोणी दिला आणि किती वाजेपर्यंतचा आहे, हे बातमीत लिहायचे असते.

बातमी, मत आणि जाहिरात

वृत्तपत्राच्या पानावर तीन प्रकारचा मजकूर शेजारी शेजारी असतो आणि नवख्या वाचकाला तो एकसारखाच दिसतो. बातमी घडलेले सांगते. अग्रलेख, स्फुट, स्तंभ आणि वाचकांची पत्रे मत मांडतात. जाहिरात पैसे देऊन छापली जाते. बातमीसारखी मांडणी केलेली जाहिरात ओळखणे हा वर्गातला चांगला सराव आहे. जिल्हा आवृत्तीचे एक पान घेऊन प्रत्येक मजकुरावर ‘बा’, ‘म’ किंवा ‘जा’ अशी खूण करायला सांगितले, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शैक्षणिक संस्थांच्या ‘यशोगाथा’ यांच्यापाशी वर्गात हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा.

मताला पत्रकारितेत मानाची जागा आहे. आगरकरांनी ‘सुधारक’ काढला तो मत मांडण्यासाठीच, आणि त्याच्या इंग्रजी बाजूचे काम गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पाहिले. अट इतकीच की मत हे मत म्हणून, त्याच्या ठरलेल्या जागी आणि लिहिणाऱ्याने जबाबदारी घेऊन यावे. बातमीत ‘दुर्दैवाने’, ‘ऐतिहासिक’, ‘जल्लोषात’ असे शब्द शिरले की मत चोरवाटेने आले असे समजावे.

संपादन आणि अंक

लिहिलेला मजकूर दुसऱ्याने वाचल्याशिवाय अंकात जाऊ नये. संपादन करणारा आधी तथ्य, मग रचना आणि शेवटी शुद्धलेखन पाहतो. हा क्रम उलटा झाला तर वेलांट्या बरोबर आणि गाव चुकलेले अशी बातमी छापली जाते. मुद्रितशोधनाच्या खुणा अकरावीला असल्या तरी आठवीच्या मुलांना त्या खेळासारख्या जमतात.

अंकासाठी छापखाना लागत नाही. हस्तलिखित आणि भित्तिपत्रक हे मराठी शाळांचे जुने प्रकार या कामाला पुरेसे आहेत. एका मोठ्या कार्डशीटवर चार स्तंभ आखावेत. डावीकडे वर मुख्य बातमी तीन स्तंभांत, उजवीकडे एका स्तंभात छोट्या बातम्या, मध्ये छायाचित्र किंवा चित्र, खाली एक मुलाखत आणि कोपऱ्यात मागच्या अंकातील चुकीच्या दुरुस्तीची चौकट. तळाशी संपादक मंडळाची नावे. छापील वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे बारीक अक्षरांत असतात. ती वर्गात शोधायला लावली, की मजकुराची जबाबदारी कोणीतरी नावानिशी घेतलेली असते हे लक्षात येते. छायाचित्राखालची ओळ लिहिताना त्यात कोण, कुठे आणि केव्हा एवढे हवेच. डावीकडून उजवीकडे नावे देण्याचा प्रघात पाळला तर माणसांची अदलाबदल होत नाही.

ध्वनीचा अंकही करता येतो. परिपाठात पाच मिनिटांचे बातमीपत्र वाचायचे असेल, तर वाक्ये आखूड ठेवावी लागतात, आकडे पूर्णांकात आणावे लागतात आणि महत्त्वाचे नाव पुन्हा घ्यावे लागते. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही.

कायदा आणि मर्यादा

राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे आणि त्यावरच्या वाजवी निर्बंधांचीही तरतूद आहे. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य याच हक्कातून येते. त्यासाठी वेगळे कलम नाही. अब्रुनुकसानीचा कायदा पत्रकारालाही लागू आहे, हे १८८२ च्या खटल्याने दाखवलेच. वृत्तपत्रांची नोंदणी पूर्वी १८६७ च्या कायद्याने होत असे. मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. आचारसंहितेच्या भंगाबद्दल वाचक भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे दाद मागू शकतो.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नियम मुलांबाबतचे आहेत. बालन्याय कायदा, २०१५ आणि पॉक्सो कायदा, २०१२ यांनुसार कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव, छायाचित्र, पत्ता आणि शाळा हे सारे त्यात आले. लहान गावात तर नाव गाळून फक्त ‘अमुक वस्तीवरील सातवीतील मुलगी’ एवढे लिहिले तरी ओळख पटते, म्हणून तेही वगळावे लागते. शाळेच्या अंकात कोणाचे गुण, आजार, घरची अडचण किंवा शिक्षा यांची बातमी करू नये. मुलाचे छायाचित्र घेताना त्याला आणि पालकांना विचारावे. दुसऱ्याचा मजकूर वा चित्र वापरले तर परवानगी घ्यावी आणि श्रेय द्यावे.

वर्गातील आखणी

एका सहामाहीत हा विषय बसवता येतो. पहिल्या टप्प्यात दोन दैनिकांची जिल्हा पाने समोरासमोर ठेवून एकच बातमी दोन्हीकडे कशी आली ते पाहावे. दुसऱ्यात बीट वाटून रोजची टिपणवही सुरू करावी. तिसऱ्यात एक मुलाखत आणि एका आकड्याचा शोध. चौथ्यात सार्वजनिक सभेचे वार्तांकन. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास गावोगाव ग्रामसभा भरवण्याचा प्रघात असल्याने संधी शोधत बसावे लागत नाही. शेवटी गटाने मिळून एक अंक.

मूल्यमापन करताना बातमीबरोबर टिपणवहीही मागावी. वहीत कोणाशी, कधी, कुठे बोलणे झाले याची नोंद, पाहिलेल्या कागदाचा उल्लेख, दुजोरा दिलेल्या दुसऱ्या माणसाचे नाव आणि खोडून दुरुस्त केलेला आकडा असेल, तर विद्यार्थ्याने काम केले आहे. अंकातील प्रत्येक वाक्यासाठी वहीत आधार दाखवता येतो का, ही एकच कसोटी लावली तरी निम्मे गुण ठरतात. उरलेले रचना, भाषा आणि मथळ्याला द्यावेत. बारावीनंतर हा विषय पुढे शिकायचा असेल, तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट येथे पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत. तिकडे न जाणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनाही पडताळणीची सवय, आकडा वाचण्याची नजर आणि स्वतःच्या वाक्याला आधार देण्याची शिस्त शाळेतच मिळालेली असते.